इगतपुरीचं पान

मुरली,

तू जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. राग मात्र येतोय. सकाळी उठल्यापासून येतोय, चहा पिताना येतोय, कोर्टात समोरच्या वकिलाशी बोलताना येतोय. परवा घरातली म्हणाली, "अहो, मुरलीभाऊ गेले म्हणून जग तुमचं शत्रू झालं का?" मी तिच्यावरही ओरडलो. मग लक्षात आलं, तुझ्या अंगावर ओरडता येत नाही म्हणून हे सगळं बाकीच्यांच्या वाट्याला जातंय. म्हणून लिहायला बसलो. हे तुझ्याच अंगावर ओरडणं आहे, समजून घे.

कॉलेजच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. माजी आमदार म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. तुझ्या फोटोला घातलेला हार तुझ्या निम्म्या तोंडावर आला होता आणि तो जरा वर सरकवावा असं एकाही शहाण्याला वाटलं नाही. मुंबईहून एक साहेब आले होते. सफारी, हातात फाईल. त्यांनी सांगितलं की सरांच्या सौरऊर्जेच्या संशोधनामागे शासन सदैव खंबीरपणे उभं होतं. सदैव! लोकांनी माना डोलावल्या. तुझ्याच विभागातल्या प्राध्यापकांनी डोलावल्या. ज्यांनी तुला 'कांदेवाला सर' म्हणून आयुष्यभर चिडवलं त्यांनी त्या दिवशी रुमाल काढून डोळे पुसले. आणि मी, ज्याला खरं काय ते माहीत होतं, तो हाताची घडी घालून गप्प बसलो. गप्प बसायची मला सवयच आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

आपण आयुष्यभर भांडलो. देवावरून, राजकारणावरून, मिसळीत दही घालावं की नाही यावरून. बोलायची राहिली ती एकच गोष्ट, विधानसभेतल्या त्या दुपारची. आठ वर्षं तू ती काढली नाहीस आणि मीही काढली नाही. तू काढली नाहीस याचा मला जास्त राग आहे.

सुरुवात तुझ्या गच्चीवरून झाली. त्र्याहत्तरनंतर रॉकेलच्या रांगा लागल्या, विमलवहिनी डबा घेऊन उभ्या राहायच्या, आणि तू गंगापूर रोडच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची पेटी ठोकत बसायचास. आत काळा रंग, वर काच, हवा शिरायला खाली भोकं आणि निघायला वर एक धुराडं. त्यात तू कांद्याच्या चकत्या वाळवायचास. तू देवळ्याचा. बाजारात भाव पडला की चांगला कांदा उकिरड्यावर जातो आणि चार महिन्यांनी तोच कांदा लोक कुरकुरत विकत घेतात, हे तू लहानपणापासून बघितलेलं. तुझं म्हणणं सरळ होतं: ऊन फुकट आहे, कांदा मुबलक आहे, मधे फक्त अक्कल घालायची बाकी आहे. वहिनी विळीवर चकत्या करून करून रडायच्या आणि तू शेजारी घड्याळ धरून तापमान लिहायचास. तुझं घर लोकांना वासावरून सापडायचं.

मी तुझी टिंगल करायचो. "भौतिकशास्त्राचा एमेस्सी आणि धंदा काय, तर भजीवाल्याचा." तू म्हणायचास, "वकिला, हस. लोक आधी हसतात, मग विचारतात किती दिवस टिकतो म्हणून." तेव्हा तुझी टिंगल करायचा हक्क माझा होता, कारण ती तुझ्या गच्चीवर, तुझ्या सतरंजीवर बसून, तुझा चहा पीत केलेली असायची.

आणि मग आणीबाणी आली. मला उचलून नाशिकरोडच्या तुरुंगात टाकलं. माझ्या घरी यायला सख्खा मेहुणा घाबरत होता. माझे अशील दुसऱ्या वकिलाकडे गेले. तू, अनुदानित कॉलेजातला साधा लेक्चरर, दर रविवारी सायकल मारत माझ्या घरी जायचास आणि थोरलीचं गणित घ्यायचास. तुझ्या प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "जाणं-येणं जरा कमी करा." तू म्हणालास, "मुलीची परीक्षा झाली की बघतो." परीक्षा झाली आणि तू धाकट्याचं विज्ञान सुरू केलंस. हे मला तू कधी सांगितलं नाहीस, बायकोने सांगितलं. मी सुटून आल्यावर तुझे आभार मानायला लागलो तर तू उलट मलाच झापलंस, "पोरगी अपूर्णांकात कच्ची आहे, आधी ते बघ."

हे एवढ्यासाठी लिहितोय की मी कुणाशी काय केलं ते नीट कळावं.

ऐंशीत मी निवडून आलो. विरोधी बाकावर, अगदी मागे, पण आमदार. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ऊर्जेच्या मागण्या चर्चेला येणार होत्या. कोळसा, धरणं, विजेचे खांब यांच्या डोंगरात सौरऊर्जेच्या संशोधनासाठी एक एवढीशी रक्कम होती, आणि तीही कागदावरच राहायची. ती वाढवा, जिल्ह्याजिल्ह्यांत प्रयोग करा, हे बोलायचं मी ठरवलं. तुला टिपण करायला सांगितलं. तू पंधरा दिवसांत एकवीस पानं लिहून आणलीस, पाठपोट, तुझ्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात.

त्यातलं सतरावं पान इगतपुरीचं होतं. त्याआधीच्या आषाढात तू मुद्दाम पेटी घेऊन इगतपुरीला गेला होतास. एका रेल्वेवाल्या ओळखीच्याच्या क्वार्टरमागे ती मांडून आठ दिवस बसलास. तिथे आषाढात माणसाच्या अंगावरचा टॉवेल वाळत नाही. तुझा कांदाही वाळला नाही. त्याला बुरशी आली, आणि ती किती तासांनी आली, कोणत्या रंगाची आली, हे सगळं तू इमानदारीत लिहिलं होतंस.

"हे पान काढून टाक," मी म्हटलं.

"का?"

"अरे, पैसे मागायला निघालोय आपण. आपलं जमलं नाही हे आपणच सांगायचं?"

"जमलं नाही म्हणूनच पैसे पाहिजेत ना? जमलेल्या गोष्टीला संशोधन कशाला लागतं?"

"मुरली, ते सभागृह आहे. तुझी प्रयोगशाळा नाही."

"वकिला, तुझ्या धंद्यात विरुद्ध बोलणाऱ्या साक्षीदाराला गप्प बसवतात. मी माझ्या साक्षीदाराला पूर्ण बोलू देतो. पान राहील."

पान राहिलं. त्याच पानाखाली तू पुढचा परिच्छेद लिहिला होतास: इगतपुरीकडे भात पिकतो, भाताचा तूस वाया जातो, त्या तुसाची शेगडी पेटीला जोडली तर ढगाळ दिवसांत उन्हाची जागा ऊब घेईल, पण किती तूस, किती हवा, हे मोजायला दोन पावसाळे आणि चार माणसं लागतील. अख्ख्या टिपणातला सगळ्यात शहाणा परिच्छेद तो होता. हे मला तेव्हा कळलं होतं, मुरली. न कळल्याचं सोंग आता मी करणार नाही.

मग दुसरं भांडण. विरोधी सदस्याला मागणीवर बोलायचं तर कपात सूचना द्यावी लागते, म्हणजे ही मागणी शंभर रुपयांनी कमी करावी, असं लेखी द्यायचं. रक्कम नावापुरती, त्या निमित्ताने उठून बोलता येतं. हे तुला सांगितलं तर तू हातातलं पेन खाली ठेवलंस.

"म्हणजे वाढवा म्हणायला तू कमी करा म्हणणार?"

"तशी रीत आहे."

"रीत ठरवणाऱ्याला वजाबाकी येत होती का?"

मी हसलो, तू नाही हसलास. पुढे एका साप्ताहिकाने खरंच छापलं की नाशिकच्या आमदारांनी सौर संशोधनाच्या निधीत कपात मागितली. देवळ्याहून तुझा चुलतभाऊ तो अंक घेऊन तुझ्या दारात आला. "हाई काय शे? आपलाच आमदार पैसा कमी करा सांगस?" त्याला तू अर्धा तास विधानसभेचे नियम समजावून सांगितलेस. माझी वकिली तू करायचास आणि फी मी घ्यायचो, असंच चाललं आपलं शेवटपर्यंत.

तुला गॅलरीचा पास मी काढून दिला. मला वाटलं, बघू दे, मित्र कसा बोलतो. तू ठेवणीतला कोट घालून आलास आणि पिशवीत वाळवलेल्या कांद्याची पुडकी, मंत्र्यांना द्यायला! दारावरच्या शिपायाने वास घेतला आणि पिशवी ठेवून घेतली. पेनसुद्धा काढून घेतलं. वर गेल्यावर तुला सांगितलं गेलं असणार: बोलायचं नाही, वाकायचं नाही, टाळी वाजवायची नाही.

मी बरं बोललो. बारा मिनिटं. रॉकेलच्या रांगा, देवळ्याचा कांदा, सगळं आलं. समोरच्या बाकावरच्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. मला वाटलं, जमलं.

पण मंत्र्यांना उत्तराची तयारी करता यावी म्हणून तुझ्या टिपणाची नक्कल मी आदल्या दिवशीच त्यांच्याकडे पाठवली होती. सौजन्य म्हणून. सगळे पाठवतात. ते उठले आणि त्यांच्या हातात सतरावं पान होतं.

"अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्यांचे मित्र मोठे सज्जन दिसतात. त्यांनी इगतपुरीला आषाढात आठ दिवस कांदा वाळवला. कांदा वाळला नाही, त्याला बुरशी आली. सूर्यनारायण रजेवर होते. आता माझा प्रश्न एवढाच आहे, की या रजेचा पगारही शासनानेच द्यायचा काय?"

सभागृह फुटलं. बाकं वाजली. माझ्या बाजूचे वाजवायला लागले, माझ्या पक्षाचे. मंत्री माझ्याकडे बघून हसत होते, म्हणजे कसं, आता तुम्हीही खिलाडूपणे घ्या, अशा अर्थाने. त्यांच्याकडे माझ्या मतदारसंघाचे दोन पूल अडकले होते. आणि खरं सांगू? विनोद चांगला होता. तो माणूस बोलायचाच फक्कड.

मी हसलो.

हसू आलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. आलं नव्हतं. मी हसलो. दात दिसतील असा हसलो, मान हलवून, हात जोडून, 'मानलं बुवा' असं. मग वर बघितलं. तू गॅलरीच्या तिसऱ्या रांगेत कठड्याकडेच्या खुर्चीवर होतास आणि माझ्याकडेच बघत होतास. आपली नजरानजर झाली. तू नजर काढून घेतलीस, मी नव्हे. तू खाली तुझ्या गुडघ्यांकडे बघायला लागलास.

पुढचा परिच्छेद माझ्या हातात होता. तुसाचा. मला उठून एवढंच म्हणायचं होतं, "अध्यक्ष महाराज, मंत्रिमहोदयांनी पान अर्धंच वाचलं, उरलेलं मी वाचतो." दीड मिनिटाचं काम. मी उठलो. मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी आपली सूचना मागे घ्यावी. मी सूचना मागे घेतली आणि खाली बसलो. मागणी मंजूर झाली, आहे तेवढीच, आणि चर्चा खांबांवर गेली.

परतीच्या गाडीत तू मला घालून पाडून बोलायला हवं होतंस. मी वाट बघत होतो. कल्याण गेलं, कसारा गेलं. घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली, तेव्हा तू खाली उतरलास, दोन वडे घेऊन आलास, एक मला दिलास आणि म्हणालास, "मंत्री मूर्ख नाही हं. बुरशी बुरशी करून भोकं लहान पडत होती, हेच त्याने नकळत बरोबर सांगितलं. दमट हवा बाहेरच निघत नव्हती." आणि नाशिक येईपर्यंत भोकांबद्दल बोलत राहिलास! तू मला वाचवत होतास. माझ्या तोंडावर, मला कळेल अशा रीतीने वाचवत होतास, आणि मी तो वडा खाल्ला.

निधीसाठी तू स्वतः शासनाकडे केलेल्या अर्जावर पुढे उत्तर आलं की या विषयाची सभागृहात चर्चा होऊन सदस्यांचं समाधान झालेलं असल्यामुळे वेगळा विचार करण्याची आवश्यकता नाही. सदस्य म्हणजे मी. समाधान माझं झालं होतं! तू ते पत्र मला दाखवलंस आणि म्हणालास, "मराठी मात्र शुद्ध आहे." तुसाची शेगडी तू गच्चीवर एकट्याने करून बघितलीस. एक पावसाळा पेटी नीट चालली, दुसऱ्या पावसाळ्यात काच फुटली, मग तुझी छाती दुखायला लागली आणि तू जिना चढायचा बंद झालास. चार माणसं आणि दोन पावसाळे मागितले होतेस तू. तुझ्याकडे माणूस एकच होता, आणि त्याला चकत्याही करायच्या होत्या.

आता हे साहेब लोक अपारंपरिक ऊर्जेची पोस्टरं छापतात. छापू देत. मला राग त्यांचा कमीच आहे. ते बिचारे त्या दुपारी सभागृहात नव्हते.

काल संध्याकाळी वहिनींकडे गेलो. त्या तुझ्या वह्या लावत होत्या. मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही यांच्यासाठी विधानसभेत बोलला होतात ना, ते छापील असतं म्हणतात. मिळेल का? वह्यांसोबत ठेवीन म्हणते." माझ्या कपाटात ते पुस्तक होतं, आठ वर्षं न उघडलेलं. घरी जाऊन घेऊन आलो. वहिनींनी चष्मा लावला आणि बोट फिरवत माझं भाषण सगळं वाचलं. मग मंत्र्यांचं उत्तर आलं. रजेचा पगार आला. त्याच्यापुढे कंसात छापलंय, हशा. वहिनींचं बोट तिथे थांबलं.

"केवढे हसले असतील मेले," त्या म्हणाल्या. "पण हे मला त्याच दिवशी म्हणाले होते. आल्या आल्या म्हणाले, विमल, अख्खं सभागृह हसलं गं. आपला एकटा वकील तेवढा हसला नाही. तोंड पाडून बसला होता बिचारा, त्याचंच मला वाईट वाटलं."

मुरली, तू हे काय केलंस? ज्या माणसाने सतरावं पान काढून टाकायला नकार दिला, बुरशीचा रंगसुद्धा खोटा लिहिला नाही, त्याने बायकोला खोटं सांगितलं? आणि माझ्यासाठी? तुला हे करायचा अधिकार कुणी दिला? मला शिव्या द्यायच्या होत्यास, घरी येणं तोडायचं होतंस, चारचौघांत मला नागडं करायचं होतंस. ते मला झेपलं असतं. तू मला तुझ्या घरात चांगला माणूस म्हणून ठेवून गेलास, आणि त्या घरात मी दर दिवाळीला फराळाला गेलो, दर आंब्याच्या दिवसांत पंगतीला बसलो, वहिनींनी आग्रह करून वाढलं आणि मी हातही आडवा धरला नाही.

पुस्तक वहिनींच्या मांडीवर उघडं होतं. त्यात नावं नाहीत. कोण हसलं ते छापत नाहीत, फक्त हसले एवढं छापतात. मी काही बोललो नसतो तर ते तुझ्या वह्यांशेजारी जाऊन बसलं असतं.

मी म्हटलं, "वहिनी, मी हसलो होतो."

त्यांना वाटलं मी दुःखाने काहीतरी बरळतोय. मी पुन्हा सांगितलं. त्याने पाहिलं होतं, वहिनी, माझ्याकडेच बघत होता. पुढचा परिच्छेद माझ्या हातात होता, तो मी वाचला नाही. सगळं सांगितलं, मुरली, पुलांसकट. आठ वर्षांनी मी सभागृहातलं भाषण पूर्ण केलं, समोर एकच माणूस, आणि बाकं वाजवायला कुणी नव्हतं.

वहिनींनी चष्मा काढला. मला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या भावोजी. आयुष्यभर तू तसंच म्हणत आलास, मला वाटलं तुझ्या घराची तीच रीत असेल.

त्यांनी पुस्तक मिटून माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं आमच्या घरी जेवलात कसे?"